पेटीतली खरखर

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पण पेटी म्हटल्यावर गाण्याच्या साथीची पेटी डोळ्यांपुढे आणू नका, आणि कपड्यांची ट्रंकही नको. मी स्पीकरची पेटी आहे. एका घराच्या मागच्या खोलीत, ध्वनिमुद्रणाच्या टेबलाच्या डाव्या अंगाला मी उभी असते. उजव्या अंगाला माझी जुळी बहीण आहे. आम्ही दोघी एकाच तक्त्यातून निघालो, त्यामुळे दिसतोही अगदी सारख्या. फरक एवढाच, की ती शांत आहे आणि मी भित्री.

किती भित्री, ते सांगते. जन्माला येण्याआधीपासून मी घाबरलेली होते. सुतारकाकांच्या कारखान्यात प्लायवूडचे तक्ते भिंतीला टेकवून ठेवलेले असत, त्यांतल्या एका तक्त्यात मी होते. समोर विजेची करवत फिरायची. ती सुरू होताना आधी गुरगुरायची, मग किंचाळायची, आणि माझ्या शेजारचा तक्ता एकदा तिच्याकडे गेला की अखंड परत येत नसे. एके दिवशी सुतारकाकांनी माझ्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या तेव्हा माझ्या पाचावर धारण बसली.

रेघा मारताना त्यांच्या शेजारी एक बाई उभी होती. ती ताई. ताई एका कानाच्या दवाखान्यात काम करायची. लोकांच्या कानांवर यंत्र लावून, कुणाला काय ऐकू येते आणि काय येत नाही, हे तपासणे हा तिचा रोजचा धंदा. घरी तिची धाकटी बहीण होती. तिच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या होत्या, तरी घरात ती छोटीच होती. छोटी पुस्तके मोठ्याने वाचायची, ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी. गोष्टी, भूगोल, विज्ञान, सगळे तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्या शाळांत जायचे. ती जिथे वाचायला जायची तो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा दोघी बहिणींनी घराच्या मागच्या खोलीलाच स्टुडिओ करायचे ठरवले. भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या, दाराला रबराच्या पट्ट्या लावल्या. राहिले फक्त स्पीकर.

विकतचे स्पीकर ताईला पसंत पडेनात. बहुतेक स्पीकरांत जाड आवाजासाठी एक शंकू आणि बारीक आवाजासाठी दुसरा असतो. ताईचे म्हणणे, माणसाला तोंड एकच असते, मग छोटीचा आवाज दोन तोंडांनी का बोलावा? म्हणून आमच्यात एकेकच शंकू बसवायचा आणि खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर त्यानेच काढायचे, असे ठरले. अशा स्पीकरला फुल रेंज म्हणतात. मात्र त्या एकट्या शंकूला पेटीची फार साथ लागते. पेटीच्या पोटात हवा किती मावते, ती बाहेर यायला भोक केवढे आहे, फळ्या किती घट्ट बसल्या आहेत, यावर सगळे अवलंबून असते.

सुतारकाकांनी ताईचे आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"ताई, यात ठेवायचं काय?"

"हवा," ताई म्हणाली.

"हवा ठेवायला एवढं पक्कं काम? बरं. हवा पळून जाणार नाही अशी करून देतो."

मग मी करवतीखाली गेले. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. कापून झाल्यावर मला कळले, की आता मी तक्ता राहिले नाही, पण संपलेही नाही. तेवढाच काय तो दिलासा. पुढे फळ्यांच्या कडांना सरस लावला, शिकंज्यांत आवळून मला दिवसभर तसेच ठेवले. जीव गुदमरला. पोटात आडवी पट्टी ठोकली, अंग पॉलिश पेपरने घासले, आणि जिथे तोंड असायला हवे तिथे एक मोठे गोल भोक पाडले. आत लोकर भरली. ताईने स्वतः वायरींना डाख दिला आणि कागदी शंकू असा अलगद बसवला, जसे कुणाला कानातले घालावे.

समोरचे कापड शिवले अप्पांनी. अप्पा म्हणजे या दोघींचे वडील. हयातभर शिंपीकाम केलेले. त्यांनी टेपने आमची मापे घेतली आणि गंभीरपणे विचारले, "मागे थोडं सैल ठेवू का? अंग भरलं तर?"

छोटी खळखळून हसली. ते हसणे मला अजून आठवते. मित्रांनो, आमचे एक तुम्हाला माहीत नसेल. स्पीकर बोलतो तसा थोडेसे ऐकतोही. खोलीत कुणी बोलले की आमचा शंकू केसभर हलतो. त्या दिवशी तो पहिल्यांदा हलला.

मला वीज जोडली तेव्हा मी डोळे मिटूनच घेतले असते, डोळे असते तर. वाटले, शंकू फाटेल, वास येईल, धूर निघेल. पण आतून आले ते छोटीचे शब्द. कुठल्याशा बेटावर दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट होती, तिने पूर्वी वाचलेली. माझ्या पोटातली हवा हलली आणि तिचा आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला, स्वच्छ, पाण्यासारखा. ताई खुर्चीत मागे टेकून बसली. छोटीने विचारले, "ही मीच का गं?"

"तूच," ताई म्हणाली. "इतके दिवस जुन्या स्टुडिओतले ते डबीएवढे स्पीकर तुला अर्धीच दाखवत होते."

पुढचा काळ चांगला गेला. छोटी शेजारच्या लहानशा काचेच्या कोपऱ्यात बसून वाचायची, ताई टेबलाशी बसून ऐकायची, चुकले की थांबवायची. शाळेतली मुले निरोप पाठवायची, की आवाज अगदी खोलीत बसून बोलल्यासारखा येतो. एकदा एक तबलजी आले. आपले वाजवणे आमच्यातून ऐकले आणि मला चक्क थोपटले. एवढे कौतुक होत होते, तरी माझी भीती काही जाईना. दमट हवा आली की वाटायचे, फळी फुगणार. हवेच्या भोकाशी पाल दिसली की माझा श्वास अडकायचा. ताई घाम पुसायचे फडके माझ्या डोक्यावर ठेवायची तेव्हाही मी मनातल्या मनात ओरडायचे. पण या झाल्या लहान भीती. मोठी भीती अजून यायची होती.

ती आली खरखरीच्या रूपाने.

एक दिवस छोटीने वाचलेले पान ताईने लावले. दोन-चार वाक्ये गेली आणि एका शब्दाच्या शेवटी काहीतरी खरखरले. वाळलेले पान जमिनीवरून ओढत न्यावे तसे. ताईने थांबवले. पुन्हा लावले. पुन्हा तिथेच खरखर. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"डाव्या पेटीचं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली.

मी आतून स्वतःला चाचपले. पट्टी घट्ट होती, शंकू शाबूत होता. पण आपणच आपल्याला कितीसे दिसतो? ताईला दिवसभर आवाजच ऐकायचे असतात. ती म्हणते म्हणजे असेलच, असे मला वाटले. मी लाजेने चूर झाले.

ताईने माझे स्क्रू काढले, शंकू बाहेर घेतला, पट्टीवर बोटांनी टकटक केली, पुन्हा सगळे बसवले. खरखर गेली नाही. तिने लोकर बदलली. नाहीच गेली. मग तिला वाटले, उजवी पेटीही तपासावी. माझ्या जुळ्या बहिणीलाही उघडले. ती शांतपणे उघडली गेली. मी मात्र प्रत्येक वेळी पेचकस दिसला की थरथरायचे, आणि मग थरथरल्यामुळेच खरखरते की काय, म्हणून आणखी घाबरायचे.

अप्पांना कळले तेव्हा ते म्हणाले, "कापड जाड झालं असेल माझं. आवाज अडकत असेल." त्यांनी जुने कापड उसवून नवे विरळ कापड शिवले. तरी खरखर होतीच. अप्पांनी तेही काढले आणि त्याहून विरळ कापड शोधून आणले. म्हाताऱ्या बोटांनी ते इतके बारीक टाके घालत होते, की बघवत नव्हते.

"आता?" त्यांनी विचारले.

"आता बरंच बरं आहे अप्पा," ताई म्हणाली. ते खरे नव्हते. अप्पांनी मान डोलावली आणि दोऱ्याचे रीळ खिशात टाकले.

याच काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि माझी भीती बदलली. मधूनमधून ताई इतरांचे वाचन ऐकायची. एक निवृत्त गुरुजी विज्ञान वाचायचे. त्यांचे शब्द माझ्यातून लख्ख बाहेर पडायचे. तबल्याचा बोल न् बोल सुटा यायचा. खरखर यायची ती फक्त छोटीच्या वाचनात, आणि आता ती शब्दाच्या शेवटीच नव्हे, तर मध्येही येऊ लागली होती.

टेबलाच्या बाजूला खुंटीवर हेडफोन लटकलेला होता. तो कानाला लावून छोटीचे पान ऐकले असते, तर दोष माझा की नाही, हे एका मिनिटात कळले असते. दवाखान्यात ताई दुसऱ्यांच्या कानांवर दिवसभर हेच करायची. पण घरी तिचा हात खुंटीकडे गेला नाही. एकदा गेला होता. अर्ध्यावर थांबला, आणि तिने त्या हाताने उगाच टेबल पुसले.

तेव्हा मला कळले, की ताईलाही भीती वाटते आहे, आणि ती पेटी बिघडल्याची भीती नाही.

खरे सांगते, इतके दिवस मी मनोमन म्हणत होते, दोष माझा नसू दे. त्या दिवसापासून म्हणू लागले, माझाच असू दे. फळी तडकलेली निघू दे, शंकू फाटलेला निघू दे, मला भंगारात घाला, पण खरखर पेटीतच असू दे.

ती सुटीची सकाळ होती. ताई सुतारकाकांकडून हातकरवत घेऊन आली. माझी पाठ सरसाने कायमची चिकटवलेली होती. ती कापून काढल्याशिवाय आतली मागची बाजू दिसणार नव्हती. तिने मला टेबलावर पालथे घातले. वायरी अजून तशाच जोडलेल्या होत्या. करवतीचे दात माझ्या पाठीला टेकले. थंड होते.

दारात छोटी येऊन उभी राहिली.

"काय करतेस?"

"पाठ उघडते. सरस सुटला असेल आतून कुठेतरी."

"थांब. आधी एकदा वाजव."

"रोज वाजवतेच आहे की."

"माझं नवीन नको लावू. ते बेटावरचं लाव. दिव्यावाल्या म्हाताऱ्याचं."

ताईने करवत उचलली नाही आणि चालवलीही नाही. "नको," ती म्हणाली.

"का नको?"

"सांगितलं ना, नको."

छोटी पुढे आली. तिने करवत ताईच्या हातातून काढून घेऊन बाजूला ठेवली, मला उलटवून नीट उभे केले, आणि स्वतःच ती गोष्ट लावली. माझ्या तोंडातून तिचा जुना आवाज आला. एकही ओरखडा नव्हता त्यावर. बेट, वारा, जिना चढणारा म्हातारा, सगळे स्वच्छ. तिने ते मध्येच बंद केले आणि आदल्या दिवशी वाचलेले पान लावले. पेटी तीच, शंकू तोच, वायरी त्याच. आवाज मात्र फाटलेला.

मला गप्प बसता आले असते तर मी बसले असते. पण आम्हाला तसे करता येत नाही.

पान संपले. छोटीने कळ बंद केली.

"पेटी बरी आहे, ताई," छोटी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." ताईचा आवाज इतका लहान झाला, की माझा शंकू जेमतेम हलला. "आईचं असंच सुरू झालं होतं. शब्दाच्या शेवटी. आपण म्हणत राहिलो, सर्दी आहे, सर्दी आहे. आणि उशीर झाला."

"मलाही माहीत होतं," छोटी म्हणाली. "तू पेटी उघडत बसायचीस ना, तेवढा वेळ मला बरं वाटायचं. म्हणायचे, ताई शोधतेय म्हणजे असेल काहीतरी पेटीत."

ताई खुर्चीत बसली. तिने तोंडावर दोन्ही हात धरले. थोड्या वेळाने म्हणाली, "अप्पांना कसं सांगायचं?"

"सांगायला कशाला हवं," दारातून अप्पा म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते, कुणाला कळलेच नव्हते. "मी याच घरात राहतो. इतकं विरळ कापड मी आजवर कुणाला शिवून दिलं नाही. मच्छरदाणी बरी त्याच्यापेक्षा." ते हसायला गेले, पण हसू ओठांवर आलेच नाही. "चला. कपडे बदला दोघी. आजच जाऊ."

ती तिघे गेली आणि घर रिकामे झाले. टेबलावर करवत तशीच पडलेली होती. मला तिची भीती वाटली नाही. दाराशी पावले वाजतात का, तिकडे मी कान लावून बसले.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले, खोलीतून जाता-येता झालेल्या बोलण्यातून. घशाच्या डॉक्टरीणबाईंना छोटीच्या स्वरतंतूवर एक गाठ दिसली. तिचा कण काढून तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत या घरातली माणसे भिंतीला धरून चालल्यासारखी चालत होती. फोन वाजला की सगळे थबकायचे आणि कुणीच उचलायचे नाही. मग अप्पा उचलायचे. कधी दूधवाला असायचा, कधी कुणी नातेवाईक.

उत्तर आले. गाठ वाईट होती. पण लहान होती, आणि पसरायच्या आत सापडली होती.

त्या संध्याकाळी ताई एकटी स्टुडिओत आली. तिने माझ्यावर चादर पांघरायला घेतली, आणि अर्ध्यात थांबून माझ्या कापडावर कपाळ टेकले.

"थोडं खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?" ती म्हणाली.

मग लगेच म्हणाली, "नको. बरं झालं." आणि चादर ओढून खोलीला कडी लावून गेली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना शांतता फार घाबरवते. खोली बंद राहिली. गोधड्यांना दमट वास यायला लागला. माझ्या तळाशी बुरशीचा डाग पडला. एका कोळ्याने हवेच्या भोकात बिऱ्हाड थाटले. छोटीची शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे उपचार सुरू झाले. तिला बोलायला बंदी होती, म्हणून ती पाटीवर लिहायची. अप्पाही पाटीवर लिहूनच उत्तर द्यायचे. एकदा ताई बाहेर म्हणत होती, "अप्पा, तुम्हाला बोलता येतं की." त्यावर अप्पा म्हणाले, "तिला एकटीला लिहावं लागतं, बरं दिसत नाही ते." चादरीखाली माझा शंकू हलला. घरात अजून कुणीतरी बोलते आहे, एवढ्यानेच माझ्या जिवात जीव आला.

तरी मी घाबरलेलीच होते. आता आणखी एका गोष्टीची भीती होती. छोटी परत वाचेल तेव्हा तो आवाज बाहेर कोण काढणार? मीच. तो कसा असेल, हे तिला पहिल्यांदा मीच सांगणार. त्यापेक्षा चादर पडून राहिलेली बरी, असेही मला वाटून गेले.

पण चादर निघाली. ताईने बुरशी पुसली, कोळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडले, अप्पांनी पुन्हा कापड बदलले. या वेळी पहिल्यासारखे, नेहमीच्या विणीचे. छोटी काचेमागे बसली. ती वाळली होती, मानेला रुमाल गुंडाळलेला होता. तिने नव्या पुस्तकाचे पहिले पान वाचले आणि बाहेर येऊन ताईच्या शेजारी उभी राहिली. अप्पा दारात होते.

ताईने कळ दाबली.

जे माझ्यात आले ते मी बाहेर काढले. आवाज खाली उतरलेला होता. त्याला एक खडबडीत कड होती. पूर्वीचे पाणी त्यात नव्हते. नांगरलेल्या मातीसारखा होता तो. मी त्यात काही घातले नाही, काही झाकले नाही. ताई माझ्याकडे पाहत नव्हती, ती छोटीकडे पाहत होती. छोटीने डोळे मिटले होते. पान संपले तरी तिने ते उघडले नाहीत. मी भीतीने गोठून गेले होते.

"दुसऱ्या वाक्याला श्वास चोरलाय मी," छोटी म्हणाली. "आणि शेवटी घाई झाली. पुन्हा घेते." आणि ती काचेमागे निघून गेली.

अप्पांनी हळूच विचारले, "काय म्हणाली?"

"श्वास चुकला म्हणाली."

"आणि आवाजाचं?"

"काही नाही म्हणाली."

अप्पा तिथल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. माझ्या कडांचे पॉलिश उडाले आहे, तळाची फळी थोडी फुगली आहे. छोटी अजून वाचते. दर काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जाते, आणि ती परत येईपर्यंत मी घाबरलेली असते. नव्या मुलांना तिचा जुना आवाज माहीतच नाही. त्यांना हाच आवडतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या पेट्यांना ओल लागू देऊ नका आणि आमच्या डोक्यावर ओले फडके ठेवू नका. पण ते राहिले तरी चालेल. घरातल्या कुणाच्या आवाजात एखाद्या दिवशी काही वेगळे ऐकू आले, तर ते दुसऱ्या कशावर ढकलू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा. विचारायची भीती वाटेल. मलाही वाटली असती. तरी विचारा, आणि त्याच दिवशी विचारा.